बेळगाव ते जागतिक लॉ फर्म : नव्या वकिलानं पहिली काही वर्षं कशी आखावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरात मुलगा किंवा मुलगी लॉला गेली की पुढचं चित्र जवळपास ठरलेलं असतं. कोणा ज्येष्ठ वकीलसाहेबांच्या हाताखाली दोन-तीन वर्षं, मग स्वतःची पाटी, आणि जमलंच तर जज्जची परीक्षा. (मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, त्यामुळे ती घाईसुद्धा आता उरलेली नाही.) ती वाट चांगलीच आहे. पण कोणाला कंपन्यांचे व्यवहार, आंतरराष्ट्रीय लवाद, लंडन-सिंगापूरच्या फर्म असं काही खुणावत असेल, तर माहिती सांगणारं माणूस गावात सहसा सापडत नाही. मग यूट्यूब पाहून पहिला निर्णय होतो तो परदेशी एलएलएमसाठी (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी) कर्ज काढण्याचा, आणि नेमका तोच सर्वांत महागात पडतो. क्रम उलटा हवा: आधी काम, मग पात्रता परीक्षा, आणि परदेशी पदवी लागलीच तर शेवटी.

जागतिक फर्म भारतात काय करू शकते

क्लिफर्ड चान्स, लिंकलेटर्स, फ्रेशफील्ड्स, ए अँड ओ शिअरमन, बेकर मॅकेंझी, लॅथम अँड वॉटकिन्स ही नावं ऐकली असतील. या फर्म भारतीय कोर्टात उभ्या राहत नाहीत. २०१८ च्या ए. के. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की परदेशी फर्मना भारतात वकिली करता येत नाही. अधूनमधून येऊन अशिलाला परदेशी कायद्याबद्दल सल्ला देऊन जाणं तेवढं चालतं. मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं नियम आणले आणि २०२५ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. त्यानुसार नोंदणी करून, परस्पर सवलतीच्या तत्त्वावर (म्हणजे त्यांच्या देशानं आपल्या वकिलांना तशीच मुभा दिली तर), परदेशी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि लवाद एवढं बिगर-कोर्ट काम त्यांना करता येतं.

याचा तुमच्यासाठी अर्थ सरळ आहे. 'जागतिक फर्मची बेंगळुरू शाखा' गाठून तिथून लंडनला बदली घेणं, असा आयटी कंपनीसारखा जिना इथं नाही. वाटा आहेत त्या अशा.

पहिली वाट म्हणजे कॉलेजातूनच लंडनच्या फर्ममध्ये ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पगारी उमेदवारी, मिळवणं. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं असतं, सहसा सहा-सहा महिन्यांच्या चार विभागांत काम, आणि शेवटी सॉलिसिटर (तिकडचा वकील) म्हणून नोंद. आधी काही आठवड्यांची व्हेकेशन स्कीम, म्हणजे सुट्टीतली इंटर्नशिप होते, तिथं पारख होते. भारतातून हे कॉन्ट्रॅक्ट बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या मुलांना मिळतं. तुम्ही अजून पी.यू.सी.त (अकरावी-बारावीत) असाल तर त्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, क्लॅटचा विचार याच कारणासाठी गंभीरपणे करा: १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण वजा.

दुसरी वाट जास्त चालती आहे. मोठ्या भारतीय फर्ममध्ये (सिरिल अमरचंद मंगलदास, शार्दूल अमरचंद मंगलदास, खेतान, एझेडबी, ट्रायलीगल, जेएसए वगैरे) दोन-चार वर्षं काढायची आणि तिथून सिंगापूर, दुबई किंवा लंडनच्या फर्मच्या भारतविषयक टीममध्ये जायचं. भांडवल बाजार, कंपन्यांची खरेदी-विक्री, वित्तपुरवठा आणि लवाद या शाखांतल्या लोकांना असे दरवाजे उघडतात. फौजदारी किंवा कौटुंबिक कामातून हे जवळपास होत नाही, म्हणून शाखेची निवड पहिल्याच वर्षी महत्त्वाची.

तिसरी वाट म्हणजे बेंगळुरू, हैदराबाद, पुणे, गुरुग्राममधली कायदेविषयक सेवा केंद्रं, जिथं परदेशी फर्म आणि कंपन्यांचं करार तपासणीचं काम चालतं. सुरुवातीला पैसा आणि शिस्त दोन्ही मिळतं. पण एकाच साच्याचे करार दोन वर्षांहून जास्त तपासत राहिलात तर फर्मवाले तुमच्याकडे वकील म्हणून पाहणं थांबवतात. तिथं जायचं तर मुलाखतीतच विचारा: करारावर बोलणी करण्याचं काम कधी मिळतं, की फक्त रकाने भरायचे?

कॉलेजचं नाव छोटं असेल तर

बेळगावचं आर. एल. लॉ कॉलेज काही अनोळखी नाव नाही. माजी ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल आणि १९८९ मध्ये सरन्यायाधीश झालेले ई. एस. व्यंकटरामय्या इथलेच. पण आजच्या बड्या फर्मचा भरती विभाग कॅम्पसवर येतो तो मोजक्या विद्यापीठांत, आणि त्या यादीत बेळगाव नाही. म्हणजे तुमची भरती कॅम्पसबाहेरून होणार, आणि तीही जवळपास नेहमी इंटर्नशिपमधूनच. फर्मनं चार आठवडे तुमचं काम पाहिलं, आवडलं, तर प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणजे पदवीआधीच नोकरीचा शब्द. नुसता सीव्ही पाठवून नोकरी लागणं विरळा.

मार्कांचं आधी. कर्नाटक राज्य विधी विद्यापीठात, म्हणजे हुबळीच्या केएसएलयूत, पेपर तपासणी सढळ नाही हे सगळे जाणतात. परदेशी फर्मच्या अर्जात 'टू-वन' (इंग्लंडातला वरचा द्वितीय वर्ग) दर्जा मागतात आणि भारतीय पदवीचे ६० टक्के साधारण त्याच्या जोडीला धरले जातात. एखाद्या सेमिस्टरला ५४ आले तर लपवू नका. अर्जात विषयवार मार्क भरावेच लागतात. मात्र करार कायदा, कंपनी कायदा, मालमत्ता हस्तांतरण आणि लवाद या चार विषयांत मार्क घसरू देऊ नका. वाचणारा नेमके तेच आधी पाहतो.

मूट कोर्टला, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धेला जा, पण पदक मोजण्यासाठी नको. आपल्याच कॉलेजात एम. के. नंबियार यांच्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा होते; तिच्या आयोजनात राबणाऱ्यालाही बाहेरच्या संघांचे लेखी युक्तिवाद जवळून पाहायला मिळतात. जमलं तर व्हिएन्नाची विस मूट करा. ती व्यापारी लवादावर असते आणि फर्मच्या कामाला थेट लागू पडते.

इंटर्नशिपचा जिना

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. बहुतेक मुलं हे आठवडे गावातल्याच ऑफिसात सही घेऊन भागवतात. तिथंच अर्धी शर्यत हरली जाते.

पहिली इंटर्नशिप बेळगावच्या जिल्हा न्यायालयात करा, पण दिवाणी बाजूच्या वकिलांकडे. दावा कसा दाखल होतो, मनाई हुकूम कसा मागतात, कागद कुठं अडतो हे इथं कळतं. दुसरी धारवाडला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात. २०१३ पासून ते कायम आहे आणि बेळगावहून रोज जाऊन-येऊनही जमतं, फक्त थकवा येतो. तिथं रिट याचिकांचं संशोधन मागून घ्या. तिसरी बेंगळुरू किंवा पुण्यातल्या मध्यम फर्ममध्ये, दहा ते चाळीस वकील असलेल्या. ही पायरी गाळून कोणी थेट बड्या फर्मला अर्ज करतं आणि उत्तर येत नाही म्हणून खचतं. मध्यम फर्ममधल्या पार्टनरची (भागीदार वकिलाची) दोन ओळींची शिफारस पुढच्या अर्जाला चालना देते. बड्या फर्मची पाळी चौथी, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत. त्यांच्या जागा सहा महिने आधी भरतात, काही ठिकाणी त्याहून आधी.

वेळेचा एक फायदा आपल्या बाजूनं आहे. मे-जून आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय विद्यापीठांची मुलं सगळीकडे गर्दी करतात. केएसएलयूचं वेळापत्रक सरकत असतं, त्यामुळे कधी फेब्रुवारीत तर कधी ऑगस्टात तुमची सुट्टी पडते. तेव्हा टेबलं रिकामी असतात आणि असोसिएटला (फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाला) मदतनीस हवा असतो. अर्जात तारखा स्पष्ट लिहा. हजेरीची ७० टक्क्यांची अट मात्र सांभाळा, कारण इंटर्नशिपचं पत्र दाखवून हजेरी भरून निघत नाही.

अर्जाचा मेल इंग्रजीतच जाणार, पण आशयाची चूक भाषेच्या चुकीहून मोठी असते. नेहमीचा मेल असा असतो: 'मी कायद्याचा कष्टाळू विद्यार्थी असून आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची संधी द्यावी.' हा मेल शंभर फर्मना जसाच्या तसा जाऊ शकतो, म्हणून एकही फर्म तो वाचत नाही. त्याऐवजी आशय असा ठेवा: 'चौथ्या वर्षात आहे. ३ ते २८ फेब्रुवारी उपलब्ध. मागच्या इंटर्नशिपमध्ये औद्योगिक भूखंडाच्या ४० वर्षांच्या मालकी हक्काचा शोध घेतला. कन्नड आणि मराठी दस्त स्वतः वाचून इंग्रजीत टिपण केलं. आपल्या रिअल इस्टेट टीममध्ये काम करायचं आहे. नमुना टिपण जोडलं आहे, नावं काढून.' चार ओळी, एक जोडपत्र, पीडीएफमध्ये. नावं काढणं विसरलात तर तो नमुनाच तुमच्या विरोधात जातो. गुप्तता न पाळणारा माणूस कोणालाही नको असतो.

वरच्या मेलमध्ये कन्नड-मराठीचा उल्लेख सहज घातलेला नाही. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. इथल्या जुन्या दस्तांत मराठी सापडते, क्वचित मोडीही, आणि नंतरचे उतारे, पहाणी (कर्नाटकातला सातबारा), नोंदी कन्नडमध्ये. बेंगळुरूच्या टीमला असे कागद आले की त्या अनुवादकाला देतात, आणि अनुवादकाला 'वहिवाट' आणि 'मालकी' यांतला कायद्याचा फरक कळेलच असं नाही. दोन्ही भाषा वाचून इंग्रजीत लिहिणारा तरुण वकील त्यांना हवाच असतो. आपल्याकडे कन्नड हा विषय कितीही तापलेला असला तरी वकिलीसाठी ती लिपी सफाईनं वाचता आलीच पाहिजे. शाळेत टाळली असेल तर रोज एक पहाणी उतारा आणि एक खरेदीखत मोठ्यानं वाचा. दोन-तीन महिन्यांत हात बसतो.

सीव्ही

झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो बायोडाटा विसरा. वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, फोटो, जन्मतारीख, खाली 'वरील माहिती खरी आहे' आणि सही, यातलं काहीच नको. एक पान, फार तर दोन. प्रत्येक इंटर्नशिपखाली दोन ओळी, आणि त्या ओळीत क्रियापद हवं: काय मसुदा केला, कशावर संशोधन केलं, ते कुठं वापरलं गेलं. 'विविध कामांत सहभाग' ही ओळ म्हणजे वाया गेलेली जागा.

व्यवहाराची जाण : उद्यमबागेतून सुरुवात

मुलाखतीत ज्याला 'कमर्शियल अवेअरनेस' म्हणतात त्यासाठी लोक परदेशी अर्थविषयक वर्तमानपत्रं पाठ करून जातात आणि पहिल्या उपप्रश्नाला गळपटतात. तुमच्या घरापासून पाच-सात किलोमीटरवर याहून चांगला धडा आहे. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) आहेत, मशीनिंगची युनिटं आहेत, हायड्रॉलिक्सचं काम आहे. हत्तरगीला विमानाचे भाग बनवणारं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. यांतले अनेक माल युरोप-अमेरिकेला पाठवतात. ओळखीतून एखाद्या कारखानदाराकडे जा आणि निर्यातीचा करार कसा असतो एवढंच समजून घ्या.

समजा एका जर्मन कंपनीला उद्यमबागेतली फाउंड्री विकत घ्यायची आहे, शंभर टक्के शेअर्स. असोसिएट म्हणून तुम्ही काय तपासाल? अशी केस स्टडी मुलाखतीत हमखास येते: वाचायला अर्धा-पाऊण तास, मग पार्टनरसमोर मांडणी.

जमिनीपासून सुरू करा. भूखंड औद्योगिक विकास मंडळाचा, म्हणजे केआयएडीबीचा असेल तर तो मालकीचा आहे की लीज-कम-सेलवर (आधी भाडेपट्टा, नंतर विक्री), आणि शेअरधारक बदलल्यास मंडळाची मंजुरी लागते का, ही कलमं पाहा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालवण्याची संमती: मुदत कधी संपते, परवानगीपेक्षा जास्त टनाचं उत्पादन होतंय का. फाउंड्रीत हाच मुद्दा सौदा अडवतो. ग्राहकांचे करार बघताना 'मालकी बदलली तर करार रद्द करता येईल' असं कलम शोधा. उलाढालीचा मोठा भाग एकाच ग्राहकावर असेल आणि त्याच्या करारात हे कलम असेल तर किंमतच बदलते. बँकेचा बोजा, ठेकेदारी कामगार, थकलेला पीएफ. आणि आपल्याकडचा खास मुद्दा: शेअर्स चार भावांच्या नावावर असतात, वाटणी तोंडी झालेली असते, एक भाऊ अमेरिकेत असतो. प्रत्येकाची सही आणि अधिकार नीट नसेल तर विक्रेता कोण, हाच प्रश्न उरतो.

परदेशी खरेदीदाराच्या बाजूनं: उत्पादन क्षेत्रात शंभर टक्के परदेशी गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटनं चालते, म्हणजे सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. पण शेअर निवासी माणसाकडून अनिवासीकडे गेले की ६० दिवसांत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-टीआरएस हा हस्तांतराचा फॉर्म भरावा लागतो. शिवाय युरोपियन युनियननं २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम अशा मालावर कार्बन कराची खरी अंमलबजावणी सुरू केली आहे. या फाउंड्रीचा माल त्यात बसतो की नाही हे त्याच्या कस्टम्स कोडवरून ठरेल. 'बसतो' असं ठोकून सांगू नका. 'कोड पाहून सांगतो' हेच उत्तर पार्टनरला हवं असतं.

मांडणीत तपशिलाच्या राशी ओतण्यापेक्षा क्रम लावा: सौदा थांबवणारे मुद्दे, किंमत बदलणारे मुद्दे, आणि सही झाल्यावर निस्तरता येणारे मुद्दे. एवढी विभागणी जमली तरी तुम्ही बरोबरीच्या बऱ्याच उमेदवारांच्या पुढं जाता.

ऑनलाइन चाचणी

लंडनच्या बऱ्याच फर्म वॉटसन-ग्लेझर चाचणी लावतात. ४० प्रश्न, ३० मिनिटं, पाच भाग: अनुमान, गृहीतकं, निगमन, अर्थ लावणं आणि युक्तिवादाची पारख. आपली मुलं इथं हरतात ती इंग्रजीमुळे कमी, आणि बाहेरचं ज्ञान वापरल्यामुळे जास्त. उताऱ्यात 'सर्व साखर कारखाने नफ्यात आहेत' असं दिलं असेल तर या चाचणीपुरतं ते खरं. अथणी-रायबागकडची उसाची थकबाकी आठवून 'खोटं' असं उत्तर दिलं की गुण गेला. अनुमानाच्या भागात पाच पर्याय असतात, तिथं सर्वांत जास्त वेळ जातो. तो भाग घड्याळ लावून वेगळा सरावा.

सनद, एआयबीई आणि एसक्यूई

पदवी हातात आली की सनद (वकील म्हणून नोंदणी) घ्या, फर्मची ऑफर असो वा नसो. जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नोंदणी शुल्क सर्वसाधारण गटासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यावर कोणत्याही नावानं जास्त घेता येणार नाही असं सांगितलं. कर्नाटकात राहायचं तर बेंगळुरूच्या राज्य बार कौन्सिलकडे. मुंबई-पुण्यात काम करायचं पक्कं असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. नंतर बदली करता येते, वकील कायद्याच्या कलम १८ खाली तिला शुल्क नाही, पण वेळ भरपूर जातो.

ऑल इंडिया बार परीक्षा (एआयबीई) नोंदणीपासून दोन वर्षांत पास व्हायची. १०० प्रश्न, टिपणं नसलेले कायदे सोबत नेता येतात, पास व्हायला सर्वसाधारण गटाला ४५ टक्के. ती अवघड नाही. आळसामुळे लोक अडकतात.

आता महत्त्वाचा भाग. इंग्लंड-वेल्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होण्याची परीक्षा एसक्यूई आहे. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० असे एकूण ३६० बहुपर्यायी प्रश्न, दोन दिवस. हा टप्पा भारतातल्या केंद्रावर देता येतो. दुसऱ्या टप्प्यात १६ कामं, त्यांतली १२ लेखी आणि ४ तोंडी, आणि तोंडीसाठी तिकडे जावंच लागतं. दोन्ही टप्प्यांची फी मिळून सुमारे ४,९०० पौंड आणि ती दरवर्षी वाढते. म्हणजे क्लास सोडून साडेपाच-सहा लाख रुपये. पहिल्या टप्प्यात निम्म्याच्या आसपासच लोक पास होतात. प्रत्येक टप्प्याला सहा वर्षांत तीनच संधी.

परीक्षेबरोबर साधारण उमेदवाराला दोन वर्षांचा मान्य कामाचा अनुभव दाखवावा लागतो. पण जो आपल्या देशात पूर्ण पात्र वकील आहे त्याला ही अट लागू नाही. म्हणजे सनद आणि एआयबीई दोन्ही असतील तर ती दोन वर्षं वाचतात, आणि पुरेसा अनुभव असेल तर दुसऱ्या टप्प्यातून सूट मागण्याचा अर्जही करता येतो. या कारणासाठी राज्य बार कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं प्रमाणपत्र (सनद चालू आहे, तक्रार नाही असा दाखला) वेळेत काढून ठेवा. परदेशी पात्रता हवी असेल तर एलएलएमपेक्षा हा मार्ग स्वस्त आणि नोकरी न सोडता होणारा. मात्र एसक्यूई पास झाल्यानं लंडनची नोकरी मिळत नाही. ज्याच्याकडे आधीच दोन-तीन वर्षांचं व्यवहारांचं काम आहे, त्याच्या अर्जाला तिनं धार येते, इतकंच.

एलएलएम कधी करावं? न्यूयॉर्कची बार परीक्षा द्यायची असेल तर अमेरिकन एलएलएम बहुतेक लागतं, किंवा आंतरराष्ट्रीय लवाद, कर अशा विशेष शाखेत जायचं असेल तर. अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजची नुसती शिकवणी ७० हजार डॉलरच्या पुढे जाते. कामाचा अनुभव नसताना घेतलेली ही पदवी परत येऊन बेंगळुरूच्या त्याच पहिल्या पायरीवर उभं करते, फक्त डोक्यावर हप्ता घेऊन. आणि कर्जासाठी तारण म्हणून शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, एन.ए. झालेला प्लॉट किंवा घर लागतं, हे घरात आधीच बोलून घ्या.

कागदावरचं नाव

किरकोळ वाटणारी, पण परदेशाच्या टप्प्यावर महिने खाणारी गोष्ट. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आद्याक्षरं, पी.यू.सी.वर वडिलांचं पूर्ण नाव, आधारवर आडनाव आधी, पदवीवर स्पेलिंग वेगळं, हे आपल्याकडे सर्रास. त्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे जन्मस्थळ एका कागदावर जुन्या स्पेलिंगनं, दुसऱ्यावर नव्यानं. तिसऱ्या वर्षातच सगळे कागद टेबलावर पसरून ताडून पाहा. एसएसएलसीचं नाव आधार मानून पासपोर्ट त्याप्रमाणे काढा, बाकीचे दुरुस्त करा. सनदेवर चुकीचं नाव चढलं की पुढचं सगळं त्याच चुकीनं चालतं. ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांच्या प्रमाणित उताऱ्यासाठी) हुबळीला विद्यापीठाकडे अर्ज करताना तीन-चार सीलबंद संच एकदमच मागून घ्या.

पहिले सहा महिने

भारतीय फर्ममध्ये बहुतेक असोसिएटना पगार नसतो, व्यावसायिक शुल्क असतं. १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात, पीएफ नाही, आणि ॲडव्हान्स टॅक्सची जबाबदारी तुमची. याला कारण आहे: वकिलाला कोणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, असं बार कौन्सिलचा नियम सांगतो. कंपनीच्या कायदा विभागात पगारावर गेलात तर सनद स्थगित करावी लागते. हे न कळवता दोन्ही चालू ठेवणारे लोक गुड स्टँडिंग मागताना सापडतात.

काम सुरुवातीला नीरस असतं: डेटा रूममधले (सौद्याचे कागद ठेवलेल्या ऑनलाइन जागेतले) कागद वाचून तक्ता भरणं, सहीची पानं गोळा करणं, अटींची यादी सांभाळणं. वेळ सहा-सहा मिनिटांच्या एककांत नोंदवायचा, तासाची दहा. दिवस संपताना आठवून भरलात तर एक-दीड तास हमखास हरवतो; काम बदललं की लगेच नोंद करा. 'संशोधन, ४ तास' अशी नोंद अशील नाकारतो. कोणत्या मुद्द्यावर, कोणत्या दस्तासाठी, ते लिहा.

चुका कुठं होतात ते ठरलेलं आहे. मसुद्यात कलम ७ नंतर नवं कलम घातलं, पुढचे क्रमांक आपोआप सरकले, पण हातानं टाईप केलेलं 'कलम ११.२ नुसार' तसंच राहिलं. आता ते नुकसानभरपाईऐवजी पत्रव्यवहाराच्या पत्त्याकडे बोट दाखवतंय. म्हणून शेवटी तीन वाचण्या करा. पहिली अर्थासाठी न करता फक्त संदर्भांसाठी: प्रत्येक 'कलम' शब्द शोधून तिथं जाऊन पाहा. दुसरी वाचणी व्याख्यांची: मोठ्या अक्षरानं सुरू होणारा प्रत्येक शब्द व्याख्येत आहे का, आणि व्याख्येतला प्रत्येक शब्द मजकुरात वापरलाय का. तिसरी तारखा आणि आकड्यांची, अंकात आणि अक्षरात जुळतात का. छापून, पट्टी धरून. समोरच्या पक्षाला पाठवण्याआधी मार्जिनमधल्या आतल्या टिप्पण्या आणि ट्रॅक केलेले बदल पुसलेत ना, ते दुसऱ्या माणसाला उघडून पाहायला लावा, आणि मेलचा पत्ता सर्वांत शेवटी भरा.

काम समजलं नसेल तर पहिल्या अर्ध्या तासात विचारा. विचारताना तीन गोष्टी सोबत न्या: मला हे असं समजलं, मी हे दोन पर्याय पाहिले, मला हा बरोबर वाटतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीत अडखळण्याची भीती असते म्हणून ते गप्प राहतात, आणि रात्री अकरा वाजता चुकीचा तक्ता पुढं येतो. अडखळत विचारलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. तो तक्ता राहतो.

आणि गुप्तता. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या सौद्यावर काम करत असाल तर सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम तुम्हाला लागू होतात. त्या कंपनीचे शेअर स्वतः घ्यायचे नाहीत, घरच्यांना सुचवायचे नाहीत, आणि 'हल्ली कशावर काम चाललंय?' असं मामांनी लग्नाच्या पंगतीत विचारलं तरी कंपनीचं नाव घ्यायचं नाही. सौद्याला आत सांकेतिक नाव दिलेलं असतं. फोनवर, रेल्वेत, राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या बर्थवर लॅपटॉप उघडला तरी तेवढंच वापरा, आणि स्क्रीनला प्रायव्हसी फिल्म लावून घ्या.